एकमताची पंगत

पुसदपासून दहा-बारा मैल आत, एसटीचा रस्ता संपतो त्याच्याही पुढे, गांधीजींच्या पद्धतीची एक बुनियादी शाळा होती. नाताळच्या सुट्टीत ती रिकामी असायची, म्हणून आमचा विद्यार्थ्यांचा राजकीय अभ्यासवर्ग तिथे भरला. जानेवारीत नागपूरला पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन व्हायचं होतं. त्याआधी जिल्ह्याने विद्यार्थ्यांचा वर्ग घ्यायचा, तीन दिवस व्याख्यानं ऐकायची, ठराव करायचे आणि ते ठराव घेऊन आमच्यातल्या दोघांनी नागपूरला जायचं, असं ठरलं होतं. आम्हाला एका ट्रकने तिथे आणून सोडलं. ट्रक तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येणार होता. आल्या आल्या एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या: परवानगीशिवाय आवार सोडणार नाही.

मी सही केली. सही करताना मला एवढंच दिसत होतं की वर्गाचे अध्यक्ष वकीलसाहेब आहेत आणि वकीलसाहेब आमच्या कॉलेजच्या व्यवस्थापक मंडळावर आहेत. माझ्या मित्राला कॉलेजातून तात्पुरतं काढलं होतं. त्याच्या चौकशीचा निकाल जानेवारीत लागायचा होता. तोवर तो वणीकडे आपल्या गावी बसून होता. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत होते, आणि निकाल उलटा लागला तर वडिलांच्या मागोमाग तोही खाणीत उतरणार हे मला माहीत होतं. वकीलसाहेबांचा एक शब्द प्राचार्यांना पुरेसा होता. तो शब्द मागायला मी आलो होतो.

त्या प्रकरणात माझा हात किती होता हे मात्र फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मी वाढलो पत्रकांवर. आमचं घर यवतमाळात, अब्बा शिंपी. निवडणुका, संप, सभा, काहीही झालं की उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या दुकानात यायचे. अब्बा त्यांच्या कोऱ्या पाठीवर बाह्या, कॉलर, खिसे यांचे खाके काढून कापायचे. मोठ्या खाक्यांना तपकिरी जाड कागद लागे, छोट्यांना पत्रकं. मी शाळेतून आलो की कापलेल्या तुकड्यांवरचं वाचत बसायचो. 'कामगार बंधूंनो' आणि पुढे बाहीचा गोल कापलेला. 'जुलमाचा अंत जवळ' आणि पुढे कात्री. अर्धी वाक्यं मी मनाने पुरी करायचो. माझं सगळं शिक्षण तसंच झालं. एखादी गोष्ट छापून लोकांच्या हातात दिली की ती बदलते, यावर माझा तेव्हा पूर्ण विश्वास होता. आजही बराचसा आहे.

कॉलेजच्या वसतिगृहाच्या ओसरीत दोन माठ होते. एकावर पितळी पेला, दुसऱ्यावर ॲल्युमिनियमचा. पाटी कुठेच नव्हती. अस्पृश्यताबंदीचा कायदा झाला होता, पाटी कोण लावणार? पण कोणता माठ कोणाचा हे पहिल्या दिवशी आलेल्या मुलालाही कुणी न सांगता कळत असे. माझ्या मित्राच्या घराने दोन-तीन वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. माठ मात्र त्याला जुनाच होता. तो त्याबद्दल कधी बोलायचा नाही. मी त्याच्या खोलीवर जायचो, ते माठ बघायचो आणि मलाच राग यायचा.

एके दिवशी मी दुकानात बसून पत्रक लिहिलं. मथळा दिला 'दोन माठ'. मला ते फार चांगलं साधलं होतं. त्याला नेऊन दाखवलं.

"लिहून काय होते बे?" तो म्हणाला.

"लोकं जागे होतात."

"लोकं जागेच आहेत. पानी पिताना तं सारेच जागे असतात."

तरी त्याने ते स्टेन्सिलवर उतरवलं, कारण माझं अक्षर वाचवत नसे आणि त्याचं मोत्यासारखं होतं. एका ओळखीच्या कारकुनाला गळ घालून आम्ही ते सायक्लोस्टाईलवर काढलं. सकाळी वसतिगृहात वाटलं तेही त्यानेच, कारण मी गावातला, मला आत येताना कुणीही हटकलं असतं. दुपारी त्याला पकडलं. ट्रंक उपसली, कागद नेले. "कोणी लिहिलं?" असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अक्षर पाहून घ्या ना. माझंच आहे."

मी दुसऱ्या दिवशी त्याला भेटलो आणि म्हणालो, मी जाऊन सांगतो. तो म्हणाला, "काहून? दोघं गेलो तं पुस्तकं कोन पाठवन मले?" मी नाही गेलो. मी त्याला पुस्तकं पाठवत होतो.

वर्गाचा पहिला दिवस चांगला गेला. पहाटे प्रार्थना, मग श्रमदान, म्हणजे शाळेच्या विहिरीकडची वाट मुरूम टाकून नीट करणं. मग व्याख्यानं: सहकारी शेती, पंचायती, दुसरी पंचवार्षिक योजना. मी वहीत भराभरा लिहीत होतो आणि वकीलसाहेबांना एकटं गाठायची संधी शोधत होतो. ते साठीच्या आसपासचे, खादीचं जाकीट घालणारे, बोलायला अतिशय गोड. बेचाळीसमध्ये तुरुंगात होते. संध्याकाळी त्यांनी आम्हाला वर्गाची रीत समजावून सांगितली.

"तुरुंगात आमच्या बराकीत एक नियम होता," ते म्हणाले. "कुठलीही गोष्ट ठरवायची तर सर्वांच्या संमतीने. बहुमत नाही, एकमत. आणि एकमत झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. भुकेलेला माणूस हट्ट सोडतो, आणि हट्ट सुटला की सत्य दिसतं. या वर्गातही तीच रीत राहील. ठराव एकमताने झाला की पंगत."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी दारव्ह्याचा एक मुलगा बसला होता, कापसाच्या अडत्याचा, अंगाने भरलेला आणि जिभेने मोकळा. तो माझ्या कानाशी म्हणाला, "माझा तं प्रत्येक ठरावाले आतापासूनच पाठिंबा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन ठराव झाले. शेती, खादी, विद्यार्थ्यांची शिस्त. सगळे हात एकदम वर. अकराच्या सुमारास चौथा आला. वकीलसाहेबांनी तो स्वतः वाचला. वसतिगृहाविषयी खोडसाळ पत्रकं लिहिणाऱ्या आणि वाटणाऱ्या विद्यार्थ्यांचा हा वर्ग निषेध करतो, आणि कॉलेजने केलेल्या कारवाईला एकमुखाने पाठिंबा देतो.

"अधिवेशनाला आपल्या जिल्ह्यातून वाईट बातमी जाऊ नये," ते म्हणाले. "हा ठराव प्राचार्यांकडेही जाईल. त्यांच्या हातालाही बळ येईल. संमती असणाऱ्यांनी हात वर करावेत."

चाळीसेक हात वर गेले. माझा गेला नाही. मी काही ठरवून तसं केलं नव्हतं. हात उचलायला गेलो आणि तो उचललाच गेला नाही.

"तुमचा विरोध आहे?" वकीलसाहेबांनी विचारलं. रागावून नव्हे.

मी उभा राहिलो आणि बोललो. लहानपणापासून वाचलेलं सगळं बाहेर आलं. विचारस्वातंत्र्य, न्याय, समता, एकाच देशाचे नागरिक. मी म्हणालो की पत्रकात लिहिलेलं खोटं आहे असं कुणी म्हणत नाही, फक्त ते लिहिलं म्हणून राग आहे. मी म्हणालो की जो माणूस इथे नाही त्याच्यावर ठराव करणं अन्याय आहे. वीस मिनिटं बोललो असेन. शेवटी दोन-तीन मुलांनी टाळ्याही वाजवल्या. मग वकीलसाहेब म्हणाले, "फार छान. आता चर्चा."

चर्चा सुरू झाली आणि मला त्या नियमाचा अर्थ कळला.

बारा वाजले. मागच्या पडवीत आचाऱ्याने वांग्याच्या भाजीला फोडणी दिली. भाकरी थापल्याचे आवाज यायला लागले. कुणीतरी उठून म्हणालं की 'निषेध'च्या जागी 'नापसंती' घालू. मी म्हटलं, मुद्दा तो नाही. 'खोडसाळ' काढून 'अविचारी' घालू. मी म्हटलं, ते लिहिणारा अविचारी नव्हता. "तुम्हाला काय ठाऊक?" असं एकाने विचारलं आणि मी बोलणं शेवटच्या वाक्याकडे वळवलं. साडेबारा. एक वाजला. ठराव मऊ होत होत गेला. शेवटचं वाक्य, कारवाईला पाठिंबा, ते मात्र तसंच राहिलं. आणि माझ्याकडे मुद्दे उरले नव्हते. तेच ते पुन्हा म्हणत होतो. माझ्याकडे खरं म्हणजे एकच वाक्य होतं, आणि ते सोडून मी सगळं बोलत होतो.

पहाटेपासून मुरूम वाहिलेली पोरं. त्यांचे चेहरे बदलत गेले. सकाळी टाळ्या वाजवणारेही आता माझ्याकडे बघेनात.

"अबे, तुले भूक नाही लागत काय?" दारव्ह्याचा कुजबुजला.

"लागते ना."

"मंग हात वर कर ना लेका. हातच तं करायचा आहे वर. तिथं कोनी काय तुझ्या डोक्यात पाहून राह्यलं?"

"तो माझा दोस्त आहे."

"आम्ही बी तं तुझेच दोस्त आहोत. आम्हाले उपाशी मारतं?"

मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "एकासाठी चाळीस जन उपाशी, ही कोनती समता आहे बे?" सगळे हसले. मीही हसायला बघितलं.

भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'येथे सर्व एका पंगतीत'. वर्गाला त्याचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. आदल्या दिवशी ब्राह्मण, मराठा, बंजारा, बौद्ध, मुसलमान, सगळे एका रांगेत जेवले होते, एकाच घागरीतलं पाणी प्यायले होते. मला त्या रांगेत बसून खरंच बरं वाटलं होतं. तीच पंगत आता माझ्यामुळे अडली होती आणि दोन माठांच्या बाजूने ठराव केल्याशिवाय ती मांडली जाणार नव्हती. हे मी त्यांना सांगितलं असतं, पण तोवर माझं कुणी ऐकत नव्हतं.

दीड वाजता वकीलसाहेबांनी दहा मिनिटांची सुट्टी दिली आणि मला खुणेने बाहेर बोलावलं. शाळेमागे एक लिंबाचं झाड होतं. तिथे त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला तपकिरी कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

तो माझा कच्चा खर्डा होता. 'दोन माठ', माझ्या त्या न वाचवणाऱ्या अक्षरात, खोडाखोडीसकट. मित्राने तो ट्रंकेत ठेवला होता हे मला माहीतच नव्हतं.

"ट्रंकेतले कागद मंडळापुढे आले," वकीलसाहेब म्हणाले. "बाकीच्यांनी हा रद्दी म्हणून बाजूला टाकला. उलटा करून बघ."

मी उलटा केला. पाठीवर खडूने काढलेला खाका, आणि कोपऱ्यात अब्बांच्या उर्दू अक्षरात: वकीलसाहब, पाठ.

"निजामी मुलखातल्या दस्तांपायी मला उर्दू शिकावी लागली," ते म्हणाले. "हा माझ्याच जाकिटाचा मागचा भाग आहे, बेटा. हेच, जे अंगात आहे ते."

मी कागद पुन्हा उलटा केला.

"मी कुणाला बोललो नाही. बोलणारही नाही. तुझे अब्बा अधिवेशनाच्या स्वयंसेवकांच्या टोप्या शिवताहेत, दुकानात बसायला जागा नाही इतक्या. चांगला माणूस. तूही हुशार आहेस. नागपूरला मी तुझं नाव देणार होतो, अजूनही देईन. त्या मुलाचं वर्ष गेलंच आहे. दोघांचं कशाला घालवायचं? आत जा, हात वर कर. हा कागद मी इथेच फाडतो."

"आणि नाही केला तं?"

"तरी मी कुणाला देणार नाही," ते म्हणाले. "मी तसा माणूस नाही." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेवला.

ते खरंच तसे नव्हते. मला खात्री आहे की त्यांनी तो कागद कधीच कुणाला दाखवला नसता. पण तो त्या खिशात राहिला असता. मी बी.ए. झालो असतो, नोकरीला लागलो असतो, कुठे भाषण केलं असतं, काही लिहिलं असतं, आणि प्रत्येक वेळी ते जाकीट समोर बसलेलं असतं, हसतमुख, माझ्याबद्दल चांगलं बोलणारं. धमकी दिली असती तर मला तिच्याशी भांडता आलं असतं. या माणसाशी भांडायला जागाच नव्हती.

आम्ही आत आलो. ठराव पुन्हा वाचला गेला. हात वर गेले. सगळे माझ्याकडे बघत होते, आचारीसुद्धा दाराशी येऊन उभा होता.

"ते पत्रक मी लिहिलं," मी म्हणालो. "त्यानं फक्त उतरून काढलं. अक्षर त्याचं, मजकूर माझा. खर्डा वकीलसाहेबांच्या खिशात आहे."

आज लोक मला विचारतात तेव्हा हे धैर्य होतं असं मला म्हणता येत नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर मित्र नव्हता. मला त्या खिशातून बाहेर पडायचं होतं.

मला वाटलं होतं की आता ठराव मोडेल. लिहिणारा समोर उभा आहे, त्याच्या तोंडावर कोण निषेध करील? निदान आरडाओरडा होईल. माझ्या वाचनातल्या सगळ्या पत्रकांत अशा वेळी काहीतरी होत असे.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला. त्यांना वाईट वाटलं होतं हे दिसत होतं. मग ते सावकाश म्हणाले, "ज्याच्यासंबंधी ठराव असेल त्याला त्या ठरावावर मत देता येत नाही. सभेचा साधा नियम आहे. हे सदस्य आता संबंधित आहेत. त्यांचं मत मोजायचं नाही. बाकी कुणाचा विरोध?"

कुणाचाच नव्हता.

"ठराव एकमताने मंजूर."

पत्रावळी मांडायला मुलं धावली. मी तिथेच उभा होतो. मी सकाळपासून अडवून धरलेलं दार माझ्याच बोलण्याने उघडलं होतं. ट्रक यायला अजून सव्वा दिवस होता, सही केलेला कागद होता, आणि मला जायला कुठे जागा नव्हती. दारव्ह्याच्या मुलाने माझ्या दंडाला धरून मला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं आणि माझ्या पानावर स्वतःच्या हाताने भाकरी टाकली.

"जेव बे," तो म्हणाला. "मत नसंल तुले आता, पोट तं आहे ना?"

मी जेवलो. भूक इतकी लागली होती की दोनदा भाजी मागून घेतली.

पुढचा दिवस तसाच गेला. माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. श्रमदानात माझ्या डोक्यावर घमेलं दिलं, प्रार्थनेला जागा दिली. फक्त कुठल्याही चर्चेत मी तोंड उघडलं की वकीलसाहेब घड्याळ बघायचे. नागपूरला दुसऱ्या दोघांची नावं गेली.

जानेवारीत प्राचार्यांनी मला बोलावलं. वकीलसाहेबांनी आपला शब्द टाकला होता, अगदी मला हवा होता तसा: तो मुलगा दुसऱ्याच्या नादी लागला, त्याला ताकीद देऊन परत घ्यावं. त्याला परत घेतलं. माझं नाव पटावरून कमी केलं. घरी आलो तेव्हा अब्बा टोप्यांच्या ढिगात बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "लिखा वो ठीक लिखा. मेरे खाके पे कायकू लिखा? अब उस का जाकिट फिर से नापना पडेंगा." मग मशीन चालू केली. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मित्र वणीहून आला त्याच दिवशी दुकानावर आला. मी पाठवलेली पुस्तकं त्याने परत आणली होती. मला वाटलं होतं तो मिठी मारेल. तो बाकावर बसला, टोप्यांकडे बघत राहिला.

"तुले कोनं सांगतलं होतं सांगायले?"

"कोळशाची खान टळली ना तुझी?"

"टळली. बाबा रडले आनंदानं. मी तिथं सगळ्याइले सांगून ठेवलतं की ते मी लिहिलं. आमच्या मजुराइच्या लाइनीत पोरं येऊन ते पत्रक वाचून घ्यायचे माझ्याकडून. आता मी कोन झालो? दुसऱ्याच्या नादी लागलेला. तसं लिहूनच देल्लं ना त्याइनं कागदावर. मले त्याच्यावर सही करा लागली."

"मग नसती करायची सही."

"हाव, तुझ्यासारखं." तो हसला, पण चांगलं नाही हसला. "सही नाही केली तं खान. केली तं वसतिगृह. आनि वसतिगृहात माठ अजून दोनच आहेत, मी आत्ताच ट्रंक ठेवून आलो, पाहून आलो. आता पत्रक काढलं तं पहिले मलेच धरतीन. बोललो तं ताकीद. तू सुटला लेका. मी परत तिथंच."

मी म्हणालो की मी बाहेरून लिहीन, आता मला कोण अडवतं. मी म्हणालो की त्याने काही करायचं नाही, नुसतं सांगायचं. बोलता बोलता माझा आवाज चढला, अब्बांनी मशीन थांबवून वर बघितलं.

"चारला प्रॅक्टिकल आहे," मित्र म्हणाला. त्याने पुस्तकं बाकावर ठेवली, त्यातलं एक तेवढं परत उचललं, कारण ते त्याला परीक्षेला लागणार होतं, आणि तो वसतिगृहाच्या रस्त्याने निघाला.